पेशी 'आत्महत्या करतात' की 'गळतात'?

नागपूरच्या धंतोलीतल्या एक वाचक भगिनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहेत. त्या विचारतात : औषधाने कर्कपेशी मरतात त्या प्रकाराला डॉक्टर 'अपॉप्टोसिस' म्हणतात, त्याला 'पेशींची आत्महत्या' म्हणावे का? औषध चालेनासे होते तेव्हा 'प्रतिकार' हा शब्द बरोबर का? शिवाय त्यांनी 'पेशी मरून राहिल्या आहेत' असे लिहिले, तर पुण्याच्या मैत्रिणीने विचारले, मेल्या तर राहिल्या कुठे?

आधी 'प्रतिकार', कारण घोटाळा तिथे मोठा आहे. शब्द चुकीचा नाही, पण 'प्रतिकारशक्ती' घरोघरी पोचलेली आहे. 'औषधाविरुद्ध प्रतिकार निर्माण झाला' हे वाचून रुग्णाचा मुलगा म्हणेल, चला, बाबांची ताकद वाढली! वाढलेली असते ती गाठीची. त्यापेक्षा 'दाद न देणे' घ्या. दाद मूळची फारसी, अर्थ न्याय; कोर्टात मागतो ती हीच आणि मैफलीत देतो तीही. गाठ औषधाला दाद देत नाही, हे आजीलाही कळते.

हा शब्दप्रयोग शास्त्रालाही धरून आहे. काही कर्कपेशी आवरणातल्या पंपाने औषध बाहेर उपसून टाकतात. काहींत पी-५३ हे प्रथिन बिघडलेले असते. डीएनए दुरुस्तीपलीकडे गेला की मरणाचा हुकूम निघतो तो बहुतेकदा याच प्रथिनाकडून, आणि सुमारे निम्म्या कर्करोगांत तेच नादुरुस्त असते. काहींत मरण अडवणारे बीसीएल-२ हे प्रथिन जास्त असते (त्यालाच रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाले). आणि काही पेशी नुसत्या निपचित पडून राहतात. बरीच औषधे विभागणाऱ्या पेशींवर चालतात, म्हणून या सुटतात. निपचित पडण्याला प्रतिकार कसे म्हणायचे? दाद न देणे मात्र नक्कीच म्हणता येते.

आता 'आत्महत्या'. रुग्णाच्या हातात द्यायच्या कागदावर तो शब्द नकोच, विदर्भात तर नकोच नको. मूळ शब्दातही तो नाही. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघा संशोधकांनी हे नाव रूढ केले. सुचवले होते स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. ग्रीकमध्ये अर्थ पाने किंवा पाकळ्या गळणे.

गळण्याबद्दल नागपूरकराला कोणी काय शिकवावे! संत्र्याचा बगीचा ताणावर सोडला, म्हणजे पाणी तोडले, की पाने गळतात. ती वाऱ्याने तुटत नाहीत. देठाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि झाड स्वतः पान सोडून देते. फांदी मोडली तर उलटे. तिची पाने वाळतात, करपतात, पण चिकटून राहतात, कारण सोडायलाही फांदी जिवंत लागते. पेशींच्या मरणात हाच फरक आहे. अपॉप्टोसिसमध्ये पेशी आकसते, आतले सामान नीट तुकड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सहसा सूज नाही, पसारा नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे नेक्रोसिसमध्ये, पेशी फुगून फुटते, आतले बाहेर सांडते आणि सूज येते. पहिलीला 'पेशीगळ' म्हणावे, फळगळीच्या चालीवर. दुसरीला 'पेशी फुटून मरणे' पुरे. तिथे संस्कृत जोडशब्द घडवण्याची हौस मी तरी आवरीन.

म्हणजे पत्रकातले वाक्य असे होईल : 'औषधाच्या ताणाने कर्कपेशी गळू लागतात; ज्या दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर औषध बदलतात किंवा दुसरे जोडतात.'

राहता राहिले 'मरून राहिल्या'. आपल्याकडे 'करून राहिलो' म्हणजे काम चालू आहे. पुण्याच्या कानाला ते संपलेले वाटते. पत्रक मेडिकल चौकात वाटणार असाल तर खुशाल ठेवा. पुण्यालाही पाठवायचे असेल, तर 'मरत आहेत' करा.