१२ व्होल्टच्या बॅटरीला २ आणि ४ ओहम सिरीजमध्ये जोडलेत. ४ ओहमला समांतर ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्याच शाखेत १० ओहम. कपॅसिटरवर शेवटी चार्ज किती?

४० मायक्रोकूलोम. बारावीची मुलं हमखास त्या १० ओहमवर अडकतात, म्हणून आधी त्याचंच बघू.

कपॅसिटर पूर्ण भरला की त्याच्या शाखेतून प्रवाह वाहत नाही. आमच्या देवगडच्या खाडीत भरती पूर्ण चढली की पाणी घटकाभर थबकतं, ना आत ना बाहेर, तसंच हे. प्रवाहच नाही, तर १० ओहमवर व्होल्टेज पडणार कुठून? उरलं साधं सर्किट: १२ भागिले ६, म्हणजे २ अँपिअर. ४ ओहमच्या टोकांना ८ व्होल्ट, तेच्या तेच कपॅसिटरवर. ५ गुणिले ८, झाले ४०.

मग १० ओहम दिलाय कशाला? तो भरण्याचा वेळ ठरवतो. बॅटरीच्या जागी नुसती तार आहे असं समजा. कपॅसिटरकडून पाहिलं तर २ आणि ४ समांतर दिसतात, म्हणजे १.३३, त्यात १० मिळवा. ११.३३ गुणिले ५, टाइम कॉन्स्टंट सुमारे ५७ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात ६३ टक्के, म्हणजे साधारण २५ मायक्रोकूलोम चढतात.

प्रश्नात ‘स्विच लावताक्षणी’ असं असेल आणि कपॅसिटर आधी रिकामा असेल, तर मात्र चार्ज शून्य. तो शब्द नीट वाचा.