माणसं ओळखता, आता ताळेबंद वाचायला शिका

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातली, वय २९, बी.कॉम. (५४ टक्के). लग्नाआधी बचत गटांचे हिशेब लिहायचे. आता आमच्या भागातल्या महिला शेतकरी उत्पादक कंपनीत आहे. पद अकाउंटंटचं, पण काम सगळंच. गावातला पैसा गावात फिरावा, बायकांच्या हाताला काम मिळावं, यासाठी लागणारं शिक्षण मला व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीतून घ्यायचंय. मुलगा चार वर्षांचा आहे, त्यामुळे नोकरी सोडता येणार नाही. मिस्टर म्हणतात, एमबीए करायचं तर बँकेसाठी कर. एका क्लासवाल्यांनी ‘कम्युनिटी बिझनेस’मधली एमबीए वर्षभरात, परीक्षेशिवाय मिळवून देतो असं सांगितलंय. काय करू?

उत्तर :

प्रिय ताई,

क्लासवाल्यांचं आधी उरकू. दूरशिक्षणाची एमबीए किमान दोन वर्षांची असते आणि तिला परीक्षा असतेच. शिवाय आता प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. जो माणूस हा आयडी मागतच नाही, त्याला पाचशे रुपये अनामतसुद्धा देऊ नका.

आता तुमच्या मनातल्या पदवीबद्दल. कॅनडात केप ब्रेटन विद्यापीठाची सामुदायिक आर्थिक विकास या विषयातलीच एमबीए आहे. त्या बेटावरचा पोलाद कारखाना आणि शेवटची सरकारी कोळसा खाण, दोन्ही २००१ मध्ये बंद पडले. मागे राहिलेल्या गावांनी पोट कसं भरायचं, हा तिथे रोजचाच प्रश्न आहे. नोकरी सांभाळून करता येईल अशी, याच नावाची पदवी आपल्याकडे शोधत बसू नका. या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था म्हणजे डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला सुरू केलेली ‘इर्मा’. सहकारी संस्थांना स्वतःचे व्यवस्थापक मिळावेत, हाच तिचा हेतू होता. पण तिथला ग्रामीण व्यवस्थापनाचा मुख्य अभ्यासक्रम पूर्णवेळ, वसतिगृहात राहून करायचा. तुळजापूरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तर तुमच्याच जिल्ह्यात आहे, पण तिथलं पदव्युत्तर शिक्षणही पूर्णवेळच. चार वर्षांचं पोर आणि चालू नोकरी असताना या दोन्हींचा विचार सोडलेला बरा.

माझ्या मते तुम्हाला साधी एमबीए पुरेल. इग्नूची करा, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. शीर्षकात ‘कम्युनिटी’ असण्याचा हट्ट सोडा आणि विशेष विषय म्हणून फायनान्स घ्या. तुम्हाला हे रुक्ष वाटेल, पण समाज तुम्हाला शिकवायची गरज नाही. कोणत्या गटात कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाचं कर्ज थकलंय आणि का थकलंय, हे तुम्हाला तोंडपाठ असणार. अशा कंपन्या अडतात त्या दुसऱ्याच ठिकाणी.

एक हिशेब मांडून दाखवते. समजा, तुमच्या कंपनीनं ऑक्टोबरात १०० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपयांनी घेतलं. बायकांना चार दिवसांत पैसे दिले, कारण नाही दिले तर माल अडत्याकडे जातो. म्हणजे साडेचार लाख रुपये गेले. प्रक्रिया कारखान्याशी सौदा ठरला ४,७०० रुपयांचा. क्विंटलमागे २०० रुपये, म्हणजे २० हजार नफा, असं सभेत सांगितलं जातं आणि टाळ्याही पडतात. पण घेताना मालात ओलावा होता १४ टक्के आणि कारखान्याला हवा १२ टक्के. वाळवल्यावर १०० क्विंटलचे पावणेअठ्ठ्याण्णवच्या आसपास भरतात. तेवढ्यानेच नफा सुमारे ९,३०० रुपयांवर येतो. कारखाना पैसे देतो ४५ दिवसांनी. तोवर साडेचार लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे ६,६५० रुपये. उरले २,६५० रुपये, आणि त्यातून हमाली, बारदाना, टेम्पोचं भाडं अजून जायचंय. कंपनी तोट्यात गेली आणि गावाला वाटतं, कोणीतरी पैसे खाल्ले. चांगल्या, प्रामाणिक बायकांच्या कंपन्या अशा संशयातच मोडतात.

यातली घट तुमच्या खरेदी विभागालाही कळत असेल. पण घट, व्याज आणि उधारीचे दिवस एकत्र मांडून खरेदीचा भाव आधीच ठरवणं, त्यासाठी किती खेळतं भांडवल, म्हणजे खरेदीपासून वसुलीपर्यंत अडकून राहणारा पैसा, लागेल ते काढणं आणि तो कागद घेऊन बँकेच्या मॅनेजरसमोर बसणं, हे एमबीएच्या लेखांकन आणि वित्त व्यवस्थापनाच्या पेपरांत शिकायला मिळतं. शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो. तो दुसऱ्या कुठल्या कारखान्यावर करू नका. तुमच्याच कंपनीच्या एका हंगामाच्या खेळत्या भांडवलावर करा. संचालक मंडळाची लेखी परवानगी घ्या आणि प्रस्ताव आधी मंजूर करून घ्या, म्हणजे मेहनत वाया जात नाही.

इग्नूच्या प्रवेशाला खुल्या गटात पदवीला ५० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. अभ्यासक्रम चार सत्रांचा, कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार वर्षं. तुम्ही तीन धरून चाला. एका सत्रात सात विषय असतात, म्हणजे साती स्वाध्याय लिहा, परीक्षा द्या, हे सगळं मुलगा झोपल्यावर. त्यात परीक्षा येतात जून आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये पेरणीची लगबग, डिसेंबरमध्ये सोयाबीनचे पैसे वसूल करायचे आणि लगेच तुरीची तयारी. विद्यापीठाला तुमचा हंगाम माहीत नाही! पण सातही पेपर एकाच वेळी दिले पाहिजेत अशी सक्ती नाही. एखादं सत्र जड गेलं, तर डिसेंबरला तीन द्या, उरलेले जूनला. स्वाध्यायांना ३० टक्के वजन असतं आणि ते वेळेत गेले नाहीत तर निकाल अडकतो, म्हणून ते पावसाळ्यातच संपवा. वाचायचं साहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे. पहिले दोन महिने जड जातील. पण बी.कॉम.ला डेबिट-क्रेडिट शिकलाय, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

एमबीएचा पसारा झेपणार नाही असं वाटलं, तर एक वाट लोक विसरतात. आपल्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा, म्हणजे सहकार आणि लेखा या विषयांची शासकीय पदविका. पदवीधराला देता येते, मराठीत लिहिता येते, सहा पेपर असतात. पुढे सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचं कामही मिळू शकतं. पण उत्पादक कंपनी सहकार कायद्यात बसत नाही. २००२ च्या दुरुस्तीनं ती कंपनी कायद्यात आली आणि तिचं ऑडिट सीएच करतो. त्यामुळे या पदविकेचा उपयोग तुम्हाला पतसंस्थांकडे जास्त होईल, तुमच्या कंपनीत कमी.

मिस्टरांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, हेही सांगते. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत कंपनीच्या सीईओच्या पगारासाठी महिना २५ हजारांपर्यंत मदत मिळते. पण योजनेतलं हे व्यवस्थापन अनुदान तीन वर्षांचं, एकूण १८ लाखांपर्यंत. त्यानंतर पगार कंपनीच्या नफ्यातून निघतो, आणि वरचा २,६५० रुपयांचा हिशेब तुम्ही पाहिलाच. म्हणजे पदवी हातात आली की तुमच्याच कंपनीत पगार दुप्पट होईल, अशी आशा धरू नका. पण कंपन्या उभ्या करून देणाऱ्या सीबीबीओ संस्था, बचत गटांसोबत काम करणारे राज्याचे उमेद अभियान आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), बँकांचे शेतीकर्ज विभाग, इथे ताळेबंद वाचता येणारी आणि गावात सहा महिने टिकणारी व्यक्ती शोधून सापडत नाही. बँकेचा दरवाजा त्यातूनही उघडा राहतो. मिस्टरांना हेच सांगा, वाद मिटेल. आणि सीईओची जागा रिकामी झाली तर डिग्रीची वाट न पाहता अर्ज करा.

शेवटी एक कटकटीचं काम. तुमच्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. डीईबी आयडी काढताना आणि त्याआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) जोडताना नावं जुळली नाहीत की अर्ज तिथेच लटकतो. दहावी, बारावी, पदवी आणि आधार समोर ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहा. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा, लागलीच तर राजपत्रातल्या नावबदलाची प्रक्रिया सुरू करा. ती महिन्या-दोन महिन्यांशिवाय होत नाही, म्हणून जुलैच्या प्रवेशासाठी एप्रिलपासूनच मागे लागा.