प्रतिकारक्षमता म्हणण्याआधी बियाणं बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. संकरित कपाशीवर मावा सोंड खुपसतो, पण आठ तासांच्या ईपीजी आलेखात (माव्याला तार जोडून त्याच्या सोंडेची हालचाल विजेच्या संकेतांतून टिपणारा आलेख) ई-२, म्हणजे अन्नवाहिनीतून रस ओढण्याचा टप्पा, जवळजवळ दिसतच नाही. घरच्या बियाण्याच्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणावर मात्र तासन्‌तास रस ओढतो. 'ही प्रतिकारक्षमताच ना?' असं तुम्ही विचारलंय. हुबेहूब असाच आलेख माझ्याकडेही होता आणि मीही छातीठोकपणे 'हो' म्हटलं होतं.

सोन्याची तार, चांदीचा गोंद, फॅराडे पिंजरा ही ईपीजीची मांडणी तुम्हाला जमलेली दिसतेय, त्यावर बोलत नाही. एवढंच सांगा, संकरित बियाण्यावर रंगीत थर होता का?

बाजारातल्या बीटी कपाशीच्या बियाण्याला बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेली असते, रंगीत थर ही तिचीच खूण. ते मुळांतून शिरतं, जलवाहिनीतून पानांत चढतं आणि रोप लहान असताना कित्येक आठवडे रसशोषक किडींना त्रास देतं. आपण ईपीजीला घेतो ती नेमकी याच वयाची रोपं! वाणाचा गुण म्हणून मी जो मोजत होते तो औषधाचा परिणाम होता. यात माझे दोन हंगाम गेले.

ज्या विक्री कार्यालयातून बियाणं घेतलं तिथे तीनदा लेखी विचारलं, बीजप्रक्रिया कशाची? 'पाकीट वाचा', एवढंच उत्तर. पाकिटं मी कधीच फेकून दिली होती. अजूनही चीड येते. संशोधनासाठी मागणाऱ्याला एक ओळ लिहून द्यायला काय जातं?

शेवटी सरळ वाणाच्या निम्म्या बियाण्याला मीच इमिडाक्लोप्रिड लावलं. त्यावरही ई-२ तसाच आटला, तेव्हा उलगडलं. ही चाचणी आधी करा. बी धुऊन भागेल असं मानू नका. संकरिताचं घरी धरलेलं बीही चालणार नाही, पुढच्या पिढीत गुण फुटतात, रोपं एकसारखी राहत नाहीत. पैदासकाराकडून प्रक्रिया न केलेलं बीच मागा, पाकीट जपून ठेवा.

मी फक्त कपाशीवरच्या माव्यावर काम केलंय. तुडतुडे किंवा पांढऱ्या माशीबद्दल छातीठोक सांगणार नाही. तुमच्या वाणात खरी प्रतिकारक्षमता असेलही.

जाता जाता, आलेखातला जलवाहिनीतून पाणी पिण्याचा टप्पा, 'जी', वेगळा मोजलाय ना? बराच वेळ उपाशी ठेवलेला मावा आधी पाणीच ओढतो. मी तासाभरापेक्षा जास्त उपाशी ठेवत नाही.