मागचं स्प्रॉकेट मोठं करताय? आधी दात मोजा

भाऊ, चादरींचे गठ्ठे लादून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निघताना तुमची चेनवर चालणारी तीनचाकी पहिल्या गिअरमध्येच धापा टाकत असेल, तर मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दात्यांचं चाक, मोठं घ्यायचा विचार बरोबर आहे. पण दुकानात जाण्याआधी हिशोब करा. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील तर गुणोत्तर (मागचे दात भागिले पुढचे) ३ येतं. मागे ४५ केलेत तर ३.२१, म्हणजे ओढ साधारण ७ टक्के वाढते आणि त्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) वेग तितकाच कमी होतो. रिकामी गाडी पुणे हायवेला पळवायची असेल तर इंजिन उगाच ओरडत राहील. पुढचा एक दात कमी करूनही जवळपास हाच फरक पडतो, स्वस्तही पडतं. पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. भार रोजचा असेल तर मागचंच बदला, असं मी सांगेन.

चेनचा मापाचा नंबर बघून घ्या, ४२८ च्या चेनला ५२० चं स्प्रॉकेट चालत नाही. चार दात वाढले की चेन साधारण दोन कड्यांनी लांब लागते. झिजलेली जुनी चेन मात्र चढवू नका, नवे दात खाऊन टाकते.

तीनचाकीत खरं काम मागच्या चाकांच्या दांड्याचं, म्हणजे अ‍ॅक्सलचं असतं. दोन्हीकडचे चेन ताणायचे स्क्रू म्हणजे अ‍ॅडजस्टर सारखेच ओढा, दोरी ताणून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का बघा. चेनचा ढिलेपणा माल भरल्यावरही तपासा. चेनलॉकची (चेनची टोकं जोडणाऱ्या क्लिपची) बंद बाजू चेन फिरते त्या दिशेला ठेवा.