ब्रिटनमध्ये सेकंडहँड बाईक घ्यायची आहे. एमओटीत (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते बघणाऱ्या सक्तीच्या तपासणीत) नापास होण्याच्या टक्केवारीवरून कुठलं मॉडेल टिकाऊ ते ठरवता येतं का? आणि गाड्या नापास नेमक्या कशामुळे होतात?

टक्केवारीवरून मॉडेल ठरवू नका. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तपासतच नाहीत. आपण ज्यावरून एखाद्या गाडीला 'दणकट' म्हणतो, ते बहुतेक सगळं या परीक्षेच्या अभ्यासक्रमाबाहेर आहे. इंजिनातून खडखडाट येणारी गाडी आरामात पास होते, आणि इंजिन घड्याळासारखं चालणारी गाडी ब्रेक लाइटच्या एका स्विचमुळे घरी परत येते.

शिवाय ती टक्केवारी गाडीपेक्षा चालवणाऱ्याबद्दल जास्त सांगते. डिलिव्हरीच्या कामाला लावलेली १२५ सीसीची गाडी रोज, पावसात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठातून फिरते. त्याच कंपनीची मोठी टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी, गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपते आणि उन्हाळ्यात रविवारी बाहेर पडते. पहिली जास्त वेळा नापास झाली तर त्यात कारखान्याचा दोष किती? वयाचंही तेच. ज्या मॉडेलच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या चार-पाच वर्षांच्या आहेत, ते यादीत हुशार दिसणारच.

उपयोग होतो तो त्या एका गाडीच्या इतिहासाचा. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर आधीच्या तपासण्या, त्या दिवशीचं मायलेज, नापास होण्याची कारणं आणि 'अॅडव्हायझरी' म्हणजे सूचना फुकट दिसतात. गाडी तीन वर्षांची झाल्यावर पहिली तपासणी, मग दरवर्षी. मी त्यात निकालापेक्षा सूचना आधी वाचतो. 'मागचा ब्रेक पॅड झिजत आला आहे' ही सूचना एकदा असेल तर काही नाही. तीच ओळ तीन वर्षं ओळीने असेल, तर मालक सूचना वाचून कागद घडी करून ठेवणारा आहे, आणि अशा माणसाने इंजिन ऑइल वेळेवर बदललं असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. दोन तपासण्यांमध्ये फक्त शे-दोनशे मैल दिसले तरी हुरळून जाऊ नका. उभी गाडी वेगळ्या पद्धतीने खराब होते: कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन अडकतात, सील कडक होतात, टाकीला आतून गंज धरतो.

आता नापास कशामुळे होतात ते. पहिला नंबर दिव्यांचा, आणि तो बहुतेक वेळा निव्वळ आळशीपणाचा असतो.

ब्रेक लाइट पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलने, दोन्हींनी स्वतंत्रपणे लागला पाहिजे. तपासताना लोक दोन्ही एकदम दाबतात आणि खूश होतात. एकेक करून बघा. पुढच्या लिव्हरखालचा छोटा स्विच धुळीने अडकतो; कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा लिव्हर दाबली की बऱ्याचदा सुटतो. मागचा स्विच स्प्रिंगने ओढला जातो. दिवा उशिरा लागत असेल तर स्विचची बॉडी धरून ठेवा आणि फक्त नट फिरवून स्विच वर घ्या. बॉडी फिरवलीत तर आतल्या तारा पिळवटतात आणि पाच मिनिटांचं काम नव्या स्विचवर जातं.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप झाले पाहिजेत. हौसेने एलईडी इंडिकेटर लावले की ते भराभर लुकलुकतात, कारण जुना रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) २१ वॅटच्या बल्बच्या करंटवर बेतलेला असतो आणि एलईडी त्याच्या मानाने काहीच ओढत नाही. त्याला वाटतं बल्ब गेला. यावर एलईडीला चालणारा रिले हाच नीट उपाय. तारेला समांतर रेझिस्टर जोडूनही वेग उतरतो, पण तो इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो.

हेडलाइटचा झोत घरीच बघता येतो. सपाट जमिनीवर, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा, वर माणूस बसलेला हवा. आधी गाडी भिंतीला चिकटवून दिव्याच्या मध्याची उंची खडूने आखून घ्या. मागे आल्यावर लो बीमची वरची कड त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली पडली की १ टक्का उतार झाला, एवढा पुरतो. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) बदललात तर हे पुन्हा तपासा. मागची बाजू उचलली की झोत जमिनीत जातो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण झोताची कड फिसकटते. तपासणीला जाण्यापूर्वी मूळ बल्ब परत घालावा हे माझं मत.

ब्रेकवर मात्र वेळ घालवा. एमओटीत एका ब्रेकची कार्यक्षमता किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची किमान २५ टक्के लागते. चांगल्या ब्रेकला हे आकडे काहीच नाहीत, तरी मागचा ब्रेक तिथे अडखळतो. त्याचं कारण मागचा कॅलिपर चाकाने उडवलेल्या मिठाच्या पाण्यात सतत न्हात असतो आणि बरेच जण तो ब्रेक दाबतच नाहीत. पिस्टनच्या उघड्या भागावर थर जमतो, सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजतात, आणि एकच पॅड काम करत राहतो. एका बाजूचा पॅड कागदाएवढा आणि दुसऱ्या बाजूचा नव्यासारखा दिसला की समजा पिना जाम आहेत.

ओळखायचं कसं: मागचं चाक उचला, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवा, पेडल दाबून सोडा, पुन्हा फिरवा. सोडल्यावर चाक जड राहत असेल तर पिस्टन परत येत नाहीये. कॅलिपर काढा, पॅड काढा, पेडल जपून दाबून पिस्टन काही मिलिमीटरच बाहेर आणा. ब्रेक क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने पिस्टन सगळीकडून घासा. ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस अगदी पुसटसं लावा आणि मगच पिस्टन आत ढकला. मळका पिस्टन आत दाबणं ही सर्वांत मोठी चूक. तो मळ सीलच्या खाचेत जातो आणि पिस्टन पहिल्यापेक्षा घट्ट होतो. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्यातल्या खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस.

लिव्हर स्पंजसारखी लागत असेल तर हवा काढा आणि ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. नावातल्या आकड्याने फसू नका, डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचं. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. ती कडेला मोजू नका, कडेला झिजेचा काठ उभा राहतो. पॅड जिथे घासतो तिथे मायक्रोमीटर लावा.

विकत घेताना माझ्या हिशोबात सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे स्टिअरिंगचं बेअरिंग, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कोनसेट म्हणतात ते. पुढचं चाक अधांतरी करा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश, दोन बोटांनी फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यांवर) खड्डे पडले आहेत. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे रस्त्यावरच्या खड्ड्यांचे सगळे तडाखे गोळ्या त्याच जागी खातात, आणि ग्रीस वाळलेलं असेल तर ती जागा कोरली जाते. नट आवळून ही खाच जात नाही. वरचा-खालचा दोन्ही सेट बदलावा लागतो, आणि मजुरी भागापेक्षा जास्त पडते, म्हणून विकणारे ते टाळतात.

मग पुढच्या शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज आला तर कोनसेट सैल, असं लगेच म्हणू नका. हेडस्टॉक (फ्रेमची स्टिअरिंग बसवलेली नळी) आणि खालचा टी (दोन्ही शॉकअप धरणारी खालची पट्टी) यांच्या फटीवर बोट ठेवून कुणालातरी हलवायला सांगा. हालचाल बोटाला लागली तर बेअरिंग. तिथे शांत आणि खालची नळी वरच्या पाइपवर हलतेय तर शॉकअपमधले बुश गेलेत. ही दोन कामं वेगळी आहेत आणि खर्चही वेगळा. नट जास्त आवळून टक्-टक् लपवता येते, पण मग हँडल जड फिरतं, सावकाश जाताना गाडी डुलते, आणि तपासणारा त्यावरही नापास करतो.

शॉकअपच्या पाइपवर तेलाचं कडं दिसलं तर आधी सील साफ करून बघा. धूळटोपी खाली सरकवा, पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीला टोकाशी आकड्यासारखी खाच कापा, ती सीलच्या ओठात घालून गोल फिरवा आणि मळ ओढून काढा. बऱ्याचदा सील फाटलेलं नसतं, एखादा कण अडकलेला असतो. पाइपच्या क्रोमवर गंजाचे टिपके असतील तर मात्र नवं सील घालूनही ते टिपके त्याला कापत राहणार. टिपक्यांच्या उभ्या कडा १००० नंबरच्या वॉटर पेपरने मोडून काही दिवस काढता येतात; कायमचा इलाज म्हणजे पाइपला नवं क्रोम किंवा नवा पाइप. तेल ब्रेक पॅडवर उतरलं असेल तर पॅड फेकून द्या. भाजून, धुऊन ते परत पहिल्यासारखे होत नाहीत.

मागच्या बाजूला स्विंगआर्म, म्हणजे चिमटा, टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवा; नंतर चाक वर आणि खाली धरून हलवा. दोन्हीकडे खेळ नको. मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, असेल तर चाक हळूच वर उचला: शॉकअप दाबला जाण्याआधीच रिकामी हालचाल जाणवली तर लिंकेजची, म्हणजे शॉकअप आणि चिमटा जोडणाऱ्या सांध्यांची, बेअरिंग गेली. प्रेशर वॉशरने हौसेने गाडी धुणाऱ्यांच्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

टायरचा नियम ५० सीसीच्या वरच्या गाड्यांना असा: रुंदीच्या तीन चतुर्थांश भागावर सलग १ मिलिमीटर खोली, आणि उरलेल्या भागावर नक्षी दिसली पाहिजे. मोटरवेवर सरळ पळणाऱ्या गाड्यांचा टायर मध्ये सपाट होतो आणि कडेला नवा दिसतो, तेव्हा मध्यावर मोजा. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाणही बघा.

चेनचा ढिलेपणा एका जागी मोजून उपयोग नाही. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ लागते तिथे मोजा. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर चालतं, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन ताणली गेली आहे. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्र बदला, नुसती नवी चेन घातली तर जुने दात तिला काही महिन्यांत खाऊन टाकतात. ढिली चेन सगळ्यांना दिसते. अति ताठ चेन दिसत नाही, आणि ती गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग संपवते. चेनगार्ड काढून टाकलेला असेल तर परत लावून न्या.

नंबर प्लेटवर अक्षरांमधलं अंतर खेळवून नाव बनवलेलं असेल किंवा सायलेन्सरवर 'रस्त्यासाठी नाही' असा शिक्का असेल तर नापास. हॉर्न दाबून बघा. एवढंच.

एमओटी जे बघत नाही त्यातलं एक तुम्ही मल्टिमीटरने दोन मिनिटांत बघू शकता. इंजिन बंद, गाडी काही तास उभी: बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू करून ५००० आरपीएमला, हेडलाइट लावून: १३.५ ते १४.५. त्याखाली राहिलं तर स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी गुंडाळी) किंवा रेग्युलेटर (ती वीज बॅटरीला बेताने देणारा भाग) संशयित. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवतोय. स्टेटर तपासायला त्याचा प्लग सोडवा आणि इंजिन चालू ठेवून त्याच्या तीन तारा (बहुतेकदा पिवळ्या) दोन-दोन करून एसीवर मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा हवा, आणि इंजिन बंद करून कुठल्याही तारेचा बॉडीशी संपर्क दाखवायला नको. प्लग जळून तपकिरी झालेला दिसला तर आधी तोच बदला. बऱ्याच गाड्यांत दुखणं स्टेटरपेक्षा त्या सैल प्लगपासून सुरू झालेलं असतं.

'कालच नवी एमओटी केली आहे' असं विकणारा सांगेल. ती फक्त त्या एका दिवसाची अवस्था सांगते. वरची सगळी तपासणी तरीही करा, आणि इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.