सोनोग्राफीत पाणथरी १४ सेंमी आली आहे, कारण काय असेल?

पाणथरी (प्लीहा) वाढणं हा स्वतंत्र आजार नाही, दुसऱ्या कशाची तरी खूण आहे. मोठ्या माणसात ती साधारण ११-१२ सेंमी असते, म्हणजे तुमची थोडीच वाढलीय.

आपल्याकडे आधी मलेरिया, टायफॉइड बघतात. दारू किंवा काविळीने लिव्हर कडक झालं की रक्त मागे तुंबतं आणि पाणथरी फुगते. थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) आणि रक्ताचा कॅन्सर ही आणखी कारणं.

गडचिरोली, नंदुरबारकडचे असाल तर सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी नक्की करा. या आजारात लहानपणी पाणथरी वाढते, पुढे बहुतेकांची आक्रसते. अशा मुलाचं पोट डावीकडे अचानक फुगलं, मूल पांढरंफटक पडलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. रक्त पाणथरीत अडकलेलं असतं.

डॉक्टर उताणं झोपवून, दीर्घ श्वास घ्यायला लावून डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपतात. नंतर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताची स्लाइड, लिव्हरच्या तपासण्या, गरज पडली तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (सिकलसेल, थॅलेसेमिया ओळखायची रक्ततपासणी). सीबीसीत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी आहेत का, ते आवर्जून विचारा.

तोवर पोटाला मार बसेल असं काही नको. कबड्डी, क्रिकेट बंद.