मिनी ट्रॅक्टरने खडीच्या रस्त्यावरचा गाळ खडी न उचलता कसा काढावा?

नमस्कार. तुमचं घर देवगडच्या बाजूला उतारावर, मुख्य रस्त्यापासून अंगणापर्यंत 150 फूट खडीचा रस्ता, 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर, आणि दर पावसाळ्यात वरच्या बागेतली लाल माती येऊन त्या रस्त्यावर बसते. मागच्या पात्याने ती ओढली की निम्मी खडी गटारात जाते. म्हणून तुम्ही विचारलंय की थंड देशांत खडीवरचा बर्फ छोट्या ट्रॅक्टरने ज्या पद्धतीने काढतात, ती कोकणात चालेल का. पात्याची पद्धत चालते, वेळेचं गणित मात्र आपलं आपणच मांडावं लागतं. आमचा रस्ताही उतारावरच आहे आणि गणपतीला येणाऱ्यांच्या गाड्या वर चढायला हव्यात ही काळजी मलाही दरवर्षी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बर्फ काढणारी माणसं शक्यतो जमीन गोठेपर्यंत थांबतात. सुरुवातीचा बर्फ ते खरवडत नाहीत, गाडीच्या चाकांखाली दबू देतात. त्याचा थर बसला आणि खालची जमीन गोठली की खडी जागची हलत नाही, मग पातं त्यावरून फिरवतात. आपल्याकडे उलटं आहे. आषाढात मुरूम भिजून मऊ झालेला असतो आणि खडी त्यात सुटी असते. त्यात वजनाचा फरक. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतो, ओला गाळ दीड टनाच्या वर. पात्यासमोर एवढं ओझं जमलं की ते खाली दाबतं आणि खडी मुळासकट निघते. त्यामुळे धो-धो पावसात ट्रॅक्टर शेडमध्येच ठेवा. त्या दिवसांत काम फावड्याचं आणि घमेल्याचं, तेही फक्त गटार आणि मोरी मोकळी ठेवण्यापुरतं.

गोठलेल्या जमिनीचं काम आपल्याकडे वाफसा करतो, म्हणजे माती चिखलही नाही आणि पार सुकलेलीही नाही अशी मधली स्थिती. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की गाळ हातात घेऊन पाहा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, बोटांना चिकटता कामा नये आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. चिकटत असेल तर थांबा. पण फार थांबूही नका, कारण ही जांभ्याची माती कडक उन्हात एकदा सुकली की तिची पपडी खडीला धरून बसते आणि मग ती खडीसकटच निघते. मधल्या त्या एक-दोन दिवसांत काम उरकायचं.

आता पातं. बर्फवाल्यांकडून उचलण्यासारखी खरी गोष्ट इथे आहे: धार खडीला लागू द्यायची नाही. तुमचं मागचं पातं फिरवता येणारं असेल तर पिन काढून पूर्ण उलटं करा, म्हणजे बाकदार पाठ पुढे येईल. धार खणते, पाठ घसरत जाते. एवढ्यानेच बराच फरक पडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे पात्याच्या कडेला पाइप. 2 इंची जीआय पाइप पात्याच्या लांबीएवढा कापा, ग्राइंडरने एका बाजूने लांबीभर चीर पाडा, चीर पात्याच्या जाडीपेक्षा किंचित रुंद ठेवा. पाइप धारेवर खालून चढवा आणि तीन-चार ठिकाणी आरपार बोल्ट मारा. बोल्टची डोकी मागच्या अंगाला आणि पाइपच्या वरच्या भागात ठेवा, खाली आली तर झिजून जातात. आता पातं खडीवर गोल कडेने टेकतं, पातं वर-खाली करणारी लिफ्ट पूर्ण खाली सोडली तरी खणत नाही. बर्फासाठी काही जण काळा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप वापरतात, पण काळ्या दगडाच्या खडीवर तो लवकर झिजतो, म्हणून मी लोखंडीच सांगेन.

पाइप लावायचा नसेल तर पात्याच्या दोन्ही टोकांना टेकू लावून घ्या, पट्टीचे तुकडे वाकवून कुठलाही वेल्डर करून देईल, आणि धार खडीपासून इंचभर वर ठेवा. नुसत्या पोझिशन कंट्रोलच्या, म्हणजे लिफ्टची उंची ठरवणाऱ्या दांड्याच्या भरवशावर हे अंतर राखता येत नाही. पुढचं चाक दगडावर चढलं की मागचं पातं खाली घुसतं.

सगळा गाळ एका फेरीत काढायचा हट्ट नको. पातं साधारण 30 अंश तिरकं करून वरचा थर डोंगराच्या विरुद्ध अंगाला सरकवत न्या, मग दुसरी फेरी. इंचभर पातळ थर मुद्दाम राहू द्या. तो सुकला की खराट्याने झाडला जातो आणि खडी जागच्या जागी राहते. माझ्या मते या सगळ्या कामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं इथेच माणसाला धीर धरवत नाही. काळी खडी लखलखीत दिसेपर्यंत पातं फिरवलं की रस्ता गेलाच.

प्रत्येक फेरीनंतर कडेला मातीचा वरंबा तयार होतो. तो तसाच ठेवलात तर पुढच्या सरीचं पाणी रस्त्यावरूनच वाहील आणि चाकोरीत घळ पाडेल. लगेच फावड्याने ठिकठिकाणी तोडा आणि माती उचला. गटारात किंवा वहाळात ढकलू नका, खालच्या शेजाऱ्याच्या भातखाचरात जाऊन बसते आणि भांडणं होतात. आम्ही ती माडांच्या आळ्यांत टाकतो, बागेतलीच सुपीक माती आहे ती. आंब्याच्या कलमांच्या बुंध्याशी मात्र ढीग करू नका, साल ओली राहून कुजते.

उताराबद्दल कळकळीने सांगतो, कारण मिनी ट्रॅक्टर हलका असतो आणि कितीतरी ट्रॅक्टरना मागे, उलटला तर चालकाला वाचवणारी संरक्षक कमान नसते. सरळ वर, सरळ खाली असंच चालवा, उताराला आडवा कधीच घालू नका. डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी लावलेली आहे ना, ते काम सुरू करण्याआधी पाहा. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. उतरताना लो गिअर, क्लच दाबायचा नाही, फोर-व्हील ड्राइव्ह चालू ठेवायचा म्हणजे पुढची चाकंही अडवून धरतात. वळायचं ते सपाटीला येऊन, आणि कोरड्या घट्ट जागी वळताना फोर-व्हील काढून, नाहीतर पुढची चाकं खडी ओरबाडतात. मुलांना अंगणात थांबवा. पालापाचोळा आणि दगडांचे ढीग हाताने उपसताना गमबूट आणि हातमोजे घाला, तिथे फुरसं हा विषारी साप असतो. गाळातून लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती, पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरूच नका.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे: गाळ रस्त्यावर येतो कुठून? वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याला वाट दिली नाही तर ते रस्त्यालाच वाट करतं. डोंगराकडच्या अंगाला फूटभर खोल गटार हवं, उतार जास्त आहे तिथे चिरे तिरके बसवून आडवी चर हवी, आणि रस्त्याचा मध्य कासवाच्या पाठीसारखा वर हवा. 10 फूट रुंदीला कडेपेक्षा अडीच-तीन इंच उंच पुरतो. वरच्या बागेचा गडगा, म्हणजे दगडी बांध, ढासळला असेल तर तो आधी लावून घ्या. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी निम्मा गाळ अशाच एका फटीतून आलेला असतो.

रस्त्याची डागडुजी हस्ताचा पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करा. गेलेल्या खडीच्या जागी नुसती 20 मिलिमीटरची खडी ओतू नका. तिच्यात कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मिसळा, पाणी मारा आणि रोलर फिरवून दबाई करा. कच नसली तर खडी एकमेकीत बसत नाही आणि पुढच्या वर्षी पातं लागताच पुन्हा सुटते. नदीतले गोल गोटे तर घेऊच नका.

नवं पातं घेणार असाल तर तिरकं केल्यावरही मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरपर्यंत पोहोचेल इतकं लांब घ्या. नाहीतर तुमचंच चाक गाळ दाबत जातं आणि तो पट्टा फावड्याने खरवडावा लागतो. दुकानात जाताना ट्रॅक्टरच्या लिंकेजची (मागे अवजार जोडायच्या जोडणीची) कॅटेगरी आणि चाकांचं बाहेरून बाहेर माप लिहून न्या.